फिरत्या घोड्यावरची जागा

नवरात्र जवळ आलं की नाशिकच्या माणसाला दोन गोष्टी हटकून आठवतात. एक वणीचा गड आणि दुसरी कालिकेची यात्रा. गडावर जाणं दरवर्षी जमतंच असं नाही, पण जुन्या आग्रा रोडवरच्या कालिकामातेचं दर्शन मात्र चुकत नाही. ग्रामदैवतच ते आमचं! सकाळी जाऊन देवीची ओटी भरायची आणि संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन पुन्हा यायचं. हे दुसऱ्यांदा येणं देवीसाठी कमी आणि रहाटपाळण्यांसाठी जास्त असतं, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते. देवी काही रागावणार नाही.

माझं लहानपण जुन्या नाशकातलं. ऐंशीच्या दशकात आम्ही चुलत-सख्खी मिळून सहा भावंडं, आई, काकू आणि आजी असा आमचा मोर्चा यात्रेला पायीच निघायचा. भेळभत्ता, गोडीशेव, पिपाण्या, काचेच्या बांगड्या असं सगळं घेऊन झालं की सगळ्यात शेवटी पाळणे. उंच आकाशपाळण्यात माझ्या पोटात गोळा यायचा. मला आवडायची ती घोड्यांची चक्री. मध्ये जाडजूड खांब, वर छत्रीच्या काड्यांसारख्या आऱ्या आणि त्या आऱ्यांना लोखंडी दांड्यांनी टांगलेले लाकडी घोडे. मोटार नाही की वीज नाही. चक्रीवाला घोड्याच्या पाठीला हात लावून पळत सुटायचा आणि वेग आला की टुणकन बाजूला व्हायचा. घोड्यांचा रंग उडालेला, एखाद्याचा कान तुटलेला. पण एकदा वर बसलं की मी थेट झाशीची राणीच!

दर फेरीला समोर आई दिसायची. "आई, बघ ना!" म्हणून मी ओरडायचे आणि ती मान हलवायची. हात कसा हलवणार? दोन्ही हातांत पिशव्या. एकीत आमचे स्वेटर आणि पाण्याची बाटली, दुसरीत खाऊ आणि देवीचा प्रसाद. तिच्या शेजारी काकू, तिच्याही हातात पिशव्याच.

आई स्वतः कधी घोड्यावर बसली होती का? खरं सांगते, चाळिशी ओलांडेपर्यंत हा प्रश्न मला पडलाच नाही. तो कसा पडला, त्याचीच ही गोष्ट. ती सुरू झाली आमच्या कॉलनीजवळच्या बागेत, मग पार अमेरिकेला जाऊन आली आणि शेवटी पुन्हा कालिकेच्या यात्रेतच येऊन थांबली.

बाग 'बंद' होती

मी तशी साधी गृहिणी. मराठी घेऊन बी.ए. केलं, लग्न झालं, मुलं झाली. मुलं मोठी झाल्यावर दुपार मोकळी मिळू लागली, तेव्हा नासर्डीकाठच्या एका वस्तीत मुलांचा अभ्यासवर्ग घ्यायला लागले. वीस-बावीस मुलं. बहुतेकांच्या आया धुणीभांडी करतात, वडील मिळेल त्या कामाला जातात. कोरोनात शाळा बंद, तसा आमचा वर्गही बंद पडला. २०२२ च्या सुरुवातीला तो पुन्हा भरला, तेव्हा मुलं पाढे तर विसरली होतीच, पण जणू खेळणंही विसरून गेली होती. घराबाहेर सोडलं तर भिंतीला टेकून उभी राहायची!

म्हटलं, आधी यांना पळवायला हवं. एका शनिवारी सगळ्यांना घेऊन आमच्या कॉलनीजवळच्या सार्वजनिक बागेत गेले. बाग छोटीशीच. घसरगुंडी, सी-सॉ आणि एक लोखंडी चक्री. घोडेबिडे काही नाहीत. नुसती गोल पत्र्याची थाळी, धरायला दांडे. एकाने ढकलायचं आणि बाकीच्यांनी बसायचं. मुलांना दुरूनच ती दिसली आणि सगळी धावत सुटली.

दारातच वॉचमनने अडवलं. "कुठे राहतात ही पोरं?"

मी वस्तीचं नाव सांगितलं.

"मॅडम, तुम्ही या आत. ही मुलं नाही चालणार. मला वरून तसं सांगितलंय."

मैत्रिणींनो, तुम्हाला वाटेल मी भांडले असेन. नाही हो. मी "बरं" म्हणाले आणि मागे वळले. मुलांना सांगितलं, "आज बाग बंद आहे रे." आत चार-पाच मुलं चक्रीवर गरगर फिरत होती. आमच्या वर्गातली नऊ-दहा वर्षांची एक पोरगी, कडेवर धाकटा भाऊ, त्यांच्याकडे बघत मला म्हणाली, "बंद हाये, तर मग ती पोरं कशी फिरून राह्यली ताई?"

मला उत्तर सुचलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळ्यांना पेप्सीकोला घेऊन दिला. आज वाटतं, ती लाचच होती. मुलांना दिलेली नाही, माझ्याच मनाला दिलेली. बागेची देखभाल बघणाऱ्या मंडळींत माझ्या हळदीकुंकवाला येणाऱ्या मैत्रिणींचीच घरं होती. कशाला उगाच वाकडेपणा घ्यायचा, असं मनाशी म्हटलं आणि विषय मिटवून टाकला. तो मिटला नव्हता, हे पुढे कळलं.

भाचीचा फोटो

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माझ्या भाचीने अमेरिकेहून एक फोटो पाठवला. ती मेरीलँड राज्यात राहते, वॉशिंग्टनपासून जवळच. तिचा चार वर्षांचा लेक एका नक्षीदार घोड्यावर ऐटीत बसला होता. मी लगेच लिहिलं, "अगं, ही तर आपली कालिकेची चक्री!"

तिचा फोनच आला. "मावशी, या चक्रीची गोष्ट तुला माहीत आहे का?"

ती गोष्ट सांगण्याआधी चक्रीबद्दलच थोडं सांगते, कारण त्या दिवसापासून मला तिचं वेडच लागलं आणि मिळेल ते वाचत गेले.

आपण रहाटपाळणा म्हणतो, तो विहिरीवरच्या रहाटावरून. संस्कृतातला 'अरघट्ट' झिजत झिजत आपला 'रहाट' झाला. भरलेली गाडगी वर, रिकामी खाली, आणि बैल आपला गोल गोल फिरतोय. 'जगरहाटी' म्हटलं की मला तर तो रहाटच ऐकू येतो. इंग्रजीतल्या 'कॅरोसेल' शब्दामागे मात्र घोडेस्वारांचा खेळ आहे. १६६२ मध्ये चौदाव्या लुई राजाने पॅरिसमध्ये अशा खेळांचा मोठा सोहळा केला. जिथे तो झाला, त्या चौकाचं नाव आजही 'कारुझेल'च आहे. दौडत्या घोड्यावरून भाल्याच्या टोकाने टांगलेली कडी उचलायची, हा त्यातला एक खेळ. त्याच्या सरावासाठी खांबाभोवती फिरणारे लाकडी घोडे केले गेले. म्हणजे बघा, आपली मुलं ज्यावर बसून चिरमुरे खातात, तो घोडा मुळात शिपाईगडी! जत्रेतल्या फिरत्या पाळण्यांचं वर्णन तर त्याही आधीचं आहे. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६२० मध्ये तुर्कांच्या राज्यात, आजच्या बल्गेरियात, सणाच्या दिवशी असे पाळणे पाहून ते लिहून ठेवले. हाच मंडी पुढे आपल्या हिंदुस्थानातही येऊन गेला.

पुढे १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये चक्री वाफेच्या इंजिनावर फिरू लागली. अमेरिकेत ती नेली आणि सजवली ती युरोपातून पोटासाठी गेलेल्या सुतार-कारागिरांनी. आणखी एक गंमत म्हणजे इंग्लंडातले घोडे घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात, आपल्या प्रदक्षिणेसारखे, आणि अमेरिकेतले बरोबर उलटे!

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १८७१ साली पहिली चक्री आली. सांगतात की तिच्या तळघरात एक खेचर आणि एक घोडा जुंपलेला असायचा. वर चालवणाऱ्याने पाय आपटला की खाली ते चालायला लागायचे आणि पुन्हा आपटला की थांबायचे. आज तिथे आहे ती १९०८ मध्ये घडवलेली चक्री, रंगीत घोड्यांची, फार देखणी. पण माझ्या मनात ते अंधारातलं खेचरच राहिलं. वर मजा चालली असेल, तर खाली कुणीतरी ओढत असतं.

अकरा महिन्यांची पाहुणी

आता भाचीने सांगितलेली गोष्ट. फोटोतली चक्री वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या प्रचंड मैदानात आहे. मॉल म्हणजे आपले खरेदीचे मॉल नव्हेत बरं का! तिथल्या स्मिथसोनियन या मोठ्या संग्रहालय-संस्थेने ती १९८१ मध्ये तिथे आणली. २०२३ मध्ये ती दुरुस्तीसाठी उतरवून नेली, म्हणजे आमच्या छोट्याने तिच्यावर वेळेत बसून घेतलं म्हणायचं. पण ती मूळची तिथली नाही. १९४७ मध्ये घडवलेली ही चक्री आधी बाल्टिमोर शहराजवळच्या ग्विन ओक नावाच्या करमणूक बागेत होती. आणि त्या बागेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता.

बाग खासगी मालकांची होती, पण गोऱ्यांसाठी तिचं दार सताड उघडं. तिकीट काढा आणि या. काळ्या आई-बापांनी मात्र मुलांना काय सांगायचं? तर "आज बाग बंद आहे" असंच काहीतरी सांगत असतील. हे ऐकलं आणि माझ्या हातातला फोन जड झाला.

पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून तिथे दरवर्षी निदर्शनं होत होती. गंमत बघा, निदर्शनांसाठी दिवस निवडला जायचा तो बागेच्या 'सर्व राष्ट्रांचा दिवस' या सोहळ्याचा. सगळ्या देशांच्या लोकांचं कौतुक करायचं आणि आपल्याच शेजाऱ्याला दारात अडवायचं! शेवटी १९६३ मध्ये ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, काळे-गोरे मिळून शेकडो लोक बागेच्या दाराशी गेले. त्यात ख्रिस्ती धर्मगुरू होते, ज्यूंचे रब्बी होते, विद्यार्थी होते, बाया होत्या. त्या एका दिवसात २८० हून अधिक लोकांना अटक झाली. तीन दिवसांनी पुन्हा मोर्चा, पुन्हा अटका. शेवटी मालक वाटाघाटींना तयार झाले. ठरलं की २८ ऑगस्ट १९६३ पासून बाग सगळ्यांना खुली.

त्या दिवशी शॅरन लँगली नावाची अकरा महिन्यांची चिमुरडी आई-वडिलांबरोबर बागेत आली. वडिलांनी तिला उचलून चक्रीतल्या घोड्यावर बसवलं आणि पडू नये म्हणून धरून उभे राहिले. शेजारच्या घोड्यांवर गोरी मुलं होती. चक्री फिरली. बस्, एवढंच झालं! त्या चक्रीवर बसलेलं ते पहिलं काळं मूल.

आणि त्याच दिवशी, तिथून जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरवर वॉशिंग्टनला, सुमारे अडीच लाख लोकांपुढे मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपलं जगप्रसिद्ध 'स्वप्ना'चं भाषण केलं. काळी आणि गोरी मुलं हातात हात घालून चालतील, असं त्या स्वप्नात होतं. इकडे एका चक्रीवर ते खरं होऊ लागलं होतं. पुढे १९७२ च्या वादळात आणि पुरात ती बाग उद्ध्वस्त झाली, पण चक्री वाचली. जिथे ती पुढे बसवली, त्या मैदानाच्या पश्चिम टोकालाच लिंकन स्मारक आहे, जिथे किंग बोलले होते. शॅरनबाई पुढे शिक्षणक्षेत्रात गेल्या आणि २०२० मध्ये त्यांनी एका लेखिकेबरोबर या चक्रीवर मुलांसाठी पुस्तकही लिहिलं. चक्रीच्या एका घोड्यावर आता त्यांचं नाव आहे.

आपलं दार

गोष्ट ऐकून माझ्या तोंडून आधी निघालं, "बाई बाई, अमेरिकेतसुद्धा असं?" आणि लगेच जीभ चावली. आपण कुठले शहाणे! माझं माहेर काळाराम मंदिरापासून दहा मिनिटांवर. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे सत्याग्रह सुरू केला. नाशकात कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी त्याची धुरा वाहिली. हजारो माणसं आली, त्यांत बायकाही होत्या. दार उघडलं नाही. सत्याग्रह पाच वर्षं रेंगाळला आणि १९३५ मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्याच्याही आधी, १९२३ मध्ये, मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला होता की सरकारी पैशांतून झालेल्या विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव कागदावर झाला, पण महाडच्या तळ्याचं पाणी प्यायला १९२७ मध्ये सत्याग्रह करावाच लागला.

हे सगळं मी बी.ए.ला शिकले होते. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण एक गोष्ट मला आत्ता कळली. आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुठे अडवायचं नाही याची यादी आहे. त्यात दुकानं आहेत, हॉटेलं आहेत, विहिरी, तलाव, घाट, रस्ते आहेत आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागाही आहेत! घटना लिहिणाऱ्या थोर मंडळींना, देशासमोर फाळणी, दुष्काळ, निर्वासित असे डोंगर उभे असताना, करमणुकीच्या जागेचीही आठवण राहिली. शॅरन घोड्यावर बसली त्याच्या तेरा वर्षं आधी, १९५० मध्येच, आपण आपल्या मुलांना लेखी वचन देऊन बसलो होतो.

मग आमच्या बागेत काय झालं? वॉचमनने कुणाची जात विचारली नव्हती, हे खरं. त्याने फक्त पत्ता विचारला. आजकाल तेवढं पुरतं. आणि अडवणारा एकटा तोच नव्हता. "बरं" म्हणून परत फिरणारी मीही त्या दारालाच लावलेली कडी होते.

ढकलणारी पोर

दुसऱ्या आठवड्यात वस्तीतल्या बचतगटाच्या दोघीजणींना घेऊन पालिकेच्या कार्यालयात गेले. तिथल्या भल्या बाईंनी नोंद बघून सांगितलं, बाग सार्वजनिक आहे, कुणालाही मज्जाव करता येत नाही. तेवढं कळल्यावर मी देखभाल बघणाऱ्या मंडळींकडे गेले. चहा झाला, चिवडा झाला, मग विषय काढला. अपेक्षेप्रमाणेच उत्तरं आली. "ती मुलं झाडं तोडतात." "शिव्या देतात हो." "आमच्या मुलांची सायकल गेली तर?" एक मैत्रीण तर म्हणाली, "तू त्यांच्यासाठी करतेस ते चांगलंच आहे गं, पण बागेत कशाला?"

मी म्हटलं, "माझ्या मुलानेही लहानपणी याच बागेतली कुंडी फोडली होती. तेव्हा तुम्ही हसला होतात."

शेवटी ठरलं की दर शनिवारी मुलं येतील, पण मी बरोबर असायचं. मी 'हो' म्हणाले. आज वाटतं, तेवढंही कबूल करायला नको होतं. कॉलनीतल्या मुलांना बागेत यायला कुणाची जामीन लागते का? पण तेव्हा पदरात पडलं ते पवित्र मानलं.

पहिल्या शनिवारी दार वॉचमननेच उघडलं. हळूच म्हणाला, "राग मानू नका मॅडम. मीपण तसल्याच वस्तीत राहतो. आमच्यावाली पोरं पण कधी आणली नाहीत इथं." मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी आणा." आणि त्याने आणली.

मुलं चक्रीवर तुटून पडली. मी बाकावर बसून बघत होते. ती कडेवर भाऊ घेतलेली पोरगी मात्र वर चढलीच नाही. भावाला थाळीवर बसवून एका हाताने त्याला धरत, दुसऱ्या हाताने चक्री ढकलत गोल गोल पळत होती. घामाघूम, तरी हसत होती. कुणीतरी ढकलायलाच हवं ना! मला एकदम ते तळघरातलं खेचर आठवलं. उठले, भावाला मांडीवर घेतलं आणि तिला म्हटलं, "बस तू." ती म्हणाली, "मग ढकलील कोण?" म्हटलं, "मी." साडीचा पदर खोचला आणि पळाले. दोन फेऱ्यांत धाप लागली, ते सोडा. पण डोळे मिटून, मान मागे टाकून बसलेली ती पोर मी अजून विसरलेले नाही. नंतर मुलांनी आपणहून पाळ्या लावल्या, दहा फेऱ्यांनंतर ढकलणारा बदलायचा. आपल्याला मोठ्यांना हे का सुचत नाही कोण जाणे!

वर्गातला एक मुलगा पायाने अधू आहे. त्याला उचलून बसवावं लागतं आणि थाळीवर तोल सांभाळता येत नाही म्हणून तो लगेच उतरतो. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा करमणुकीच्या हक्काबद्दलही बोलतो, पण आमच्या बागेतल्या चक्रीला ते अजून कळलेलं नाही. त्याच्यासाठी टेकायला पाठ आणि पट्टा असलेली बैठक करता येईल का, ते एका वेल्डिंगवाल्याला विचारून ठेवलं आहे. दार उघडलं म्हणजे सगळे आत आले, असं होत नाही.

पुन्हा यात्रा

२०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं कोरोनामुळे कालिकेची यात्रा भरली नव्हती. २०२२ च्या नवरात्रात ती भरली आणि आख्खं नाशिक लोटलं. वर्गातली मुलं आणि त्यांच्या आया, असा आमचाही मोर्चा निघाला. चक्री होतीच. आता घोडे फायबरचे आणि फिरवायला मोटार. चक्रीवाला सांगत होता, "आजोबांच्या टायमाला लाकडाचे होते ताई. चार माणसं लागायची उचलायला. हे हलके पडतात, ट्रकमध्ये भरायला सोपे." म्हटलं, काळ बदलतोच. घोडा कशाचाही असो, ऐट तीच!

मुलं बसली. खाली आयांची रांग उभी. प्रत्येकीच्या हातात पिशव्या, चपला, पाण्याच्या बाटल्या, अर्धवट खाल्लेली कणसं. चार घरची धुणीभांडी करणारी एक माझ्या शेजारी होती. मी सहज विचारलं, "तुम्ही कधी बसलात हो यात?"

ती हसायलाच लागली. "आमच्यावाली जत्रा म्हणजे पिशव्या धरायची, ताई!"

मला माझी आई दिसली. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मान हलवणारी. इतकी वर्षं मी घोड्यावरून तिच्याकडे बघत होते, पण ती मला दिसलीच नव्हती.

चक्रीवाल्याला विचारलं, "बायका बसल्या तर चालेल का?" तो आधी लाजला, मग म्हणाला, "बसा की! मोठ्या माणसांचं वजन पेलतंय. फक्त साडी आवरून बसा, दांड्यात अडकू देऊ नका." बायका एकमेकींना ढकलायला लागल्या. "तू बस." "नाय बाई, तू बस." "लोक काय म्हणतील!" "सासूनं बघितलं तर?" शेवटी एक धीट निघाली, मग दुसरी, आणि बघता बघता सगळे घोडे भरले. पिशव्या? आमचे 'हे' मला घ्यायला आले होते. मी माझ्या दोन आणि बायकांच्या मिळून चौदा पिशव्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, "जरा धरा हो." बिचारे काही बोलायच्या आत मी घोड्यावर!

चक्री फिरली. आधी बायका गप्प होत्या, दांडा घट्ट धरून. दुसऱ्या फेरीला एकीने किंकाळी फोडली आणि मग जो काही हशा पिकला! खाली मुलं टाळ्या पिटत ओरडत होती, "आई, बघ! आई, इकडे!" आणि आया हात हलवत होत्या. दोन्ही हात रिकामे होते ना! दर फेरीला मला आमचे 'हे' दिसत होते, पिशव्यांच्या ढिगात उभे, मान हलवत.

घरी आल्यावर आईला फोन केला. तिची सत्तरी उलटली आहे. विचारलं, "आई, तू कधी चक्रीत बसलीस का गं?"

ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "एकदा. लग्नाआधी, आमच्या गावच्या जत्रेत. पांढरा घोडा होता बघ. नंतर कुठलं? तुम्ही पोरं, पिशव्या..."

आणि मग अगदी सहज, तक्रारीचा सूरही नाही, "मी बसले असते तर पिशव्या कुणी धरल्या असत्या?"

मैत्रिणींनो, तुमच्या गावात, गल्लीत एखादी बाग असेल. तिच्या दारातून कोण परत जातं, ते एकदा बघा. आत चक्री असेल तर ती ढकलतंय कोण, तेही बघा. आणि यंदा यात्रेला जाल तेव्हा घरातल्या बाईला नुसतं विचारा, "बसतेस का?" ती आधी 'नाही'च म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा.

आईला घेऊन यात्रेला जायचं मी ठरवलंय. तिचे गुडघे दुखतात, म्हणून घोड्याऐवजी बाकाची जागा धरू. नाहीतर पांढरा घोडा मिळाला, तर दोघे-तिघे मिळून उचलून बसवू.

पिशव्या मी धरणार आहे.